एका विद्यापीठाला एकच जागा : अनुदान-प्रस्तावांची अंतर्गत छाननी

प्रश्न : मी अमेरिकेतील एका विद्यापीठात जीवशास्त्राची सहायक प्राध्यापक आहे. एका खासगी प्रतिष्ठानाच्या अनुदानासाठी अर्ज करण्याची माझी इच्छा होती. परंतु विद्यापीठातून एकच नाव पाठवता येत असल्यामुळे आधी दोन पानांचा पूर्वप्रस्ताव द्यावा, असे संशोधन कार्यालयाने कळवले. माझी निवड झाली नाही आणि कारण म्हणून ‘यंदा स्पर्धा चुरशीची होती’ एवढे एकच वाक्य आले. ही निवड कोण करते आणि कशाच्या आधारे? माझे विज्ञान कमी पडले, असे मी समजावे काय?

उत्तर : आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण मनाला लागून राहतो तो तोच. आपले विज्ञान कमी पडले, असा निष्कर्ष या एका निकालावरून काढता येत नाही. अंतर्गत छाननी करणाऱ्या समितीला सर्वांत चांगले संशोधन कोणते हे ठरवायचे नसते. या विशिष्ट स्पर्धेत, या वर्षी, आपल्या विद्यापीठातून गेलेल्या कोणत्या प्रस्तावाला यश येण्याचा संभव अधिक आहे, एवढेच तिला ठरवायचे असते. हे दोन प्रश्न पुष्कळदा एकमेकांपासून बरेच दूर असतात आणि दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पहिल्याचे म्हणून स्वीकारल्यामुळे अनेक तरुण संशोधक विनाकारण खचतात.

ही मर्यादा विद्यापीठ घालत नाही, अनुदान देणारी संस्था घालते. अर्जांचा पूर आला तर तज्ज्ञ परीक्षक पुरत नाहीत, म्हणून पहिली चाळणी विद्यापीठांनीच लावावी, अशी ही व्यवस्था आहे. जीववैद्यकीय क्षेत्रातील तरुण संशोधकांना चार वर्षांसाठी 3 लाख डॉलर देणाऱ्या प्यू कार्यक्रमात निमंत्रित संस्थेला एकच नाव सुचवता येते. पॅकार्ड प्रतिष्ठान 50 विद्यापीठांच्या अध्यक्षांकडून प्रत्येकी दोन नावे मागवते आणि त्यांतून सुमारे 20 जणांना पाच वर्षांसाठी 8,75,000 डॉलरची अधिछात्रवृत्ती देते. म्हणजे विद्यापीठाच्या दारातून बाहेर पडलेल्या उमेदवाराला साधारण पाचात एक संधी असते, आणि खरी गर्दी दाराच्या आतच असते. ‘नॅशनल इन्स्टिट्यूट्स ऑफ हेल्थ’, म्हणजे एनआयएच, या सरकारी संस्थेच्या ‘अर्ली इंडिपेंडन्स’ पुरस्कारासाठी एका संस्थेला दोनच अर्ज करता येतात. ‘नॅशनल सायन्स फाउंडेशन’च्या, म्हणजे एनएसएफच्या, मोठ्या संशोधन-उपकरणांच्या कार्यक्रमात 2023 च्या आवाहनानुसार एका संस्थेला जास्तीत जास्त चार प्रस्ताव देता येतात, आणि तेही मागितलेल्या निधीनुसार व उपकरणाच्या प्रकारानुसार विभागून.

मर्यादा ओलांडली तर काय होते, हे ठाऊक असले म्हणजे संशोधन कार्यालये या बाबतीत इतकी काटेकोर का असतात ते कळते. एनएसएफच्या अनेक कार्यक्रमांत संस्थेकडून आधी पोहोचलेले प्रस्ताव मर्यादेपर्यंत स्वीकारले जातात आणि उरलेले परीक्षणाविनाच परत पाठवले जातात. समितीने निवडलेल्या सहकाऱ्याच्या आधी दुसऱ्या कोणाचा प्रस्ताव चुकून दाखल झाला, तर निवड झालेल्याचे कित्येक महिन्यांचे काम न वाचताच परत येईल. काही कार्यक्रमांत दुसऱ्या विद्यापीठाच्या प्रस्तावातील आपला वाटा ठरावीक प्रमाणापेक्षा मोठा असला, तर तोही आपल्या संस्थेच्या कोट्यात मोजला जातो. बाहेरच्या सहकाऱ्याशी बोलणी पक्की करण्याआधी हे पाहून घेणे फार आवश्यक आहे.

आता निवड कोण करते ते पाहू. बहुतेक ठिकाणी संशोधनाचे काम पाहणाऱ्या उपाध्यक्षांच्या कार्यालयात मर्यादित स्पर्धांची जबाबदारी एका समन्वयकाकडे असते. मूळ मुदतीच्या काही महिने आधी अंतर्गत मुदत जाहीर होते. पूर्वप्रस्ताव, संक्षिप्त परिचयपत्र, ढोबळ अंदाजपत्रक आणि कित्येकदा विभागप्रमुखांचे पत्र मागवले जाते. वेगवेगळ्या विभागांतील काही प्राध्यापक ते वाचून गुण व शेरे देतात आणि समितीच्या शिफारशीवर उपाध्यक्ष अंतिम निर्णय घेतात. समितीची शिफारस बंधनकारक असतेच असे नाही. एखाद्या क्षेत्रात विद्यापीठाने नुकतीच नवी नेमणूक केली असेल किंवा नवी प्रयोगशाळा उभारली असेल, तर त्याचेही वजन निर्णयात पडते. हे वजन पडू नये असे मी म्हणणार नाही. मात्र ते पडणार असेल तर आवाहनातच तसे लिहिलेले असावे.

उपकरणांच्या स्पर्धेत विज्ञान आणि निवड यांच्यातले अंतर सर्वांत स्पष्ट दिसते. समितीपुढे दोन पूर्वप्रस्ताव आहेत, असे धरा : एक क्रायो-इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचा आणि दुसरा मास स्पेक्ट्रोमीटरचा. पहिल्यातील संशोधन अधिक धाडसी आहे, यावर सर्वांचे एकमत आहे. पण चर्चा सुरू होते ती जागेपासून. सूक्ष्मदर्शकाला जमिनीचे हादरे आणि बाहेरचे चुंबकीय क्षेत्र सोसत नाही. मग तो कोणत्या इमारतीत बसणार, तिथली तपासणी झाली आहे काय, हमीकाळ संपल्यावर देखभालीचा वार्षिक करार कोणाच्या खात्यातून होणार, तो चालवणाऱ्या तंत्रज्ञाचे वेतन कोण देणार? दुसऱ्या प्रस्तावात या प्रत्येक प्रश्नाला एकेका वाक्यात उत्तर आहे, शिवाय तीन विभागांतील गटांनी यंत्राचा वापर किती तास करू, हेही लिहून दिले आहे. एनएसएफला व्यवस्थापनाचा आराखडा द्यावाच लागत असल्यामुळे समिती दुसरा प्रस्ताव निवडते. पूर्वी पीएचडी देणाऱ्या विद्यापीठांना या कार्यक्रमात 30 टक्के वाटा स्वतः उचलावा लागत असे आणि 2022 च्या चिप्स अँड सायन्स कायद्याने तो पाच वर्षांसाठी माफ केला. पण जागा, वीज आणि देखभाल यांचा खर्च त्यामुळे नाहीसा होत नाही आणि समितीची नजर तिथेच असते. पहिल्या गटाचे विज्ञान हरलेले नसते. त्यांची खोली ठरलेली नसते.

आपल्याला मिळालेल्या एका वाक्याच्या उत्तराबद्दल मात्र माझे मत ठाम आहे : ते पुरेसे नाही. ज्या समितीने पूर्वप्रस्ताव वाचून गुण दिले तिच्याकडे शेरे असतातच, आणि परीक्षकांची नावे वगळून त्यांतील चार ओळी अर्जदाराला कळवणे मुळीच अवघड नाही. हा केवळ सौजन्याचा भाग नव्हे. नेदरलँड्समधील तरुण संशोधकांच्या अनुदानांचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. गुणांच्या सीमारेषेच्या जरा वर राहिलेल्यांना पुढील आठ वर्षांत, रेषेच्या जरा खाली राहिलेल्यांच्या दुपटीहून अधिक निधी मिळाला, असे त्यात आढळले. आणि त्यामागचे एक कारण असे होते की रेषेखाली राहिलेल्यांनी पुढे अर्ज करणेच कमी केले. कारण न सांगता दिलेला नकार माणसाला स्पर्धेतून कायमचा बाहेर काढू शकतो. म्हणून समन्वयकाला नम्रपणे लिहा की पुढच्या फेरीसाठी सुधारणा करायच्या आहेत, तरी परीक्षकांचे शेरे मिळावेत. अनेक कार्यालये मागितल्यावर ते देतात.

प्रश्न : आमच्याकडे समितीत माझ्या क्षेत्राचे कोणीच नसते. साहित्याचा इतिहास शिकवणाऱ्या प्राध्यापकांनी माझ्या रसायनशास्त्रातील पूर्वप्रस्तावाचा निवाडा करावा हे योग्य आहे काय? आणि तसे होणारच असेल, तर लिहावे कसे?

उत्तर : एकाच विद्यापीठात आपल्या उपक्षेत्राचा जाणकार बहुधा आपण स्वतः असता, किंवा आपला जवळचा सहकारी, आणि तो सहकारी एकतर प्रस्तावात भागीदार असतो, नाहीतर प्रतिस्पर्धी असतो. हितसंबंध टाळायचे म्हटले की परीक्षक दूरच्या विभागांतूनच आणावे लागतात. तज्ज्ञ आणले म्हणजे निवाडा अचूक होतो, हेही पूर्ण खरे नाही. एनआयएचच्या अर्जांवर झालेल्या आणि 2018 मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 43 परीक्षकांना 25 अर्ज तपासायला दिले होते. एकाच अर्जाविषयी निरनिराळ्या परीक्षकांच्या मतांत जवळजवळ मेळ आढळला नाही. हे सारे त्या क्षेत्रांचे जाणकार होते. आपल्या समितीतील साहित्याच्या प्राध्यापकांवर अविश्वास दाखवण्याआधी हे लक्षात घ्यावे. शिवाय खासगी प्रतिष्ठानांच्या अंतिम मंडळांवरही सर्वच सदस्य आपल्या क्षेत्राचे नसतात, त्यामुळे दूरच्या वाचकाला न समजलेला प्रस्ताव पुढेही अडखळण्याची भीती असते.

लिहिण्याबाबत सर्वांत महत्त्वाचे आहे पहिले वाक्य. पुष्कळ पूर्वप्रस्ताव असे सुरू होतात : ‘सूक्ष्मजीवांच्या समूहातील परस्परसंबंधांविषयीचे ज्ञान अद्याप अपुरे असून त्यांचा सखोल अभ्यास होणे आवश्यक आहे.’ या वाक्यात चूक काही नाही, पण ते कोणत्याही प्रस्तावाला चालेल आणि म्हणून कोणाचेच नाही. त्याऐवजी असे लिहून पाहा : ‘प्रतिजैविकाने मरायला हवेत असे काही जिवाणू शेजारच्या जिवाणूंच्या सोबतीने तग धरतात. ही सोबत कोणत्या रेणूमुळे टिकते ते आम्ही तपासणार आहोत. आणि असा रेणू सापडला नाही, तर प्रचलित समजुतींपैकी कोणती टाकून द्यावी लागेल तेही सांगणार आहोत.’ इतिहासाच्या अभ्यासकालाही यातला पेच कळतो, आणि उत्तर नकारार्थी आले तरी काही हाती लागेल, हा विश्वास त्याला वाटतो. पद्धतीचा तपशील दुसऱ्या पानावर आला तरी चालतो. तो अजिबात नसला तर मात्र चालत नाही, कारण समितीत एखादा जाणकार असतोच आणि तो नेमके तेच शोधतो.

दुसरी गोष्ट म्हणजे देणाऱ्या संस्थेच्या निकषांशी उघड सांगड घालणे. एनएसएफ प्रत्येक प्रस्तावाकडे दोन कसोट्यांनी पाहते : बौद्धिक गुणवत्ता आणि समाजावरील व्यापक परिणाम. अंतर्गत समितीच्या गुणपत्रकातही बहुधा याच दोन ओळी उतरतात. तरीही व्यापक परिणामांसाठी शेवटची दोन पोकळ वाक्ये राखून ठेवणारे पूर्वप्रस्ताव दर वर्षी येतात. त्या संस्थेने मागील वर्षांत कोणत्या कामांना निधी दिला याची यादी बहुतेक वेळा जाहीर असते. ती वाचल्याशिवाय लिहायला बसू नये. शंका असल्यास एनएसएफच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना थेट विचारता येते आणि विचारावेच. खासगी प्रतिष्ठानांच्या बाबतीत मात्र विद्यापीठाच्या त्यासाठीच्या विभागामार्फतच संपर्क साधावा, असा अनेक ठिकाणी दंडक आहे. एकाच प्रतिष्ठानाला एकाच विद्यापीठातील निरनिराळ्या व्यक्तींनी स्वतंत्रपणे गाठले, तर सर्वांचेच नुकसान होते.

विभागप्रमुखांच्या पत्राबद्दल थोडक्यात सांगतो. ‘अतिशय होतकरू’ अशा विशेषणांनी भरलेल्या पत्राचा उपयोग होत नाही. अध्यापनाचा भार किती कमी करू, कोणती जागा देऊ, हे सांगणारे पत्र परीक्षक जपून वाचतात.

प्रश्न : मला यंदा अंतर्गत छाननी समितीवर नेमले आहे. दर वर्षी त्याच दोन-तीन मोठ्या प्रयोगशाळा पुढे जातात, असे दिसते. प्रस्ताव तुल्यबळ असतील तर चिठ्ठ्या टाकून निर्णय घेणे अशैक्षणिक ठरेल काय?

उत्तर : ठरणार नाही, पण ती पहिली पायरी नव्हे. आधी गुणपत्रकच तपासा. ‘संशोधकाची आजवरची कामगिरी’ या निकषाला निम्मे गुण ठेवले असतील, तर निकाल समिती बसण्याआधीच लागलेला असतो. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी 1968 मध्ये, ज्यांच्याकडे आधीच मान आहे त्यांच्याकडेच आणखी मान वाहत जातो, ही विज्ञानातील प्रवृत्ती मांडली. वर उल्लेखलेला डच अभ्यास हा तिचाच पडताळा होता. कारकिर्दीच्या सुरुवातीच्या संशोधकांसाठी असलेल्या स्पर्धेत या निकषाचे वजन कमी करणे पूर्णपणे समितीच्या हाती असते, आणि एकाच मुख्य संशोधकाला लागोपाठच्या फेऱ्यांत तीच जागा देऊ नये, असा नियमही करता येतो. उलट, जिथे देणारी संस्थाच प्रस्थापित नेतृत्व मागते, तिथे नवख्याला पुढे करणे म्हणजे त्याचा वेळ आणि विद्यापीठाची जागा दोन्ही वाया घालवणे होय. तेव्हा हा नियम सरसकट लावू नये.

हे सारे करूनही दोन प्रस्ताव बरोबरीत उरले, तर सोडत काढावी असे माझे स्पष्ट मत आहे. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने 2013 मध्ये आपल्या ‘एक्सप्लोरर’ अनुदानांसाठी पात्र अर्जांतून सोडतीने निवड सुरू केली. स्वित्झर्लंडची राष्ट्रीय विज्ञान संस्था सीमारेषेवरील अर्जांसाठी सोडतीचा आधार घेते. आणि ब्रिटिश अकादमीने 2022 पासून आपल्या छोट्या अनुदानांत तिचा प्रयोग केला. या सर्वांनी आधी गुणवत्तेची चाळणी लावली आणि मगच सोडत काढली. दशांशातल्या फरकावरून एकाला श्रेष्ठ ठरवण्यापेक्षा, दोघेही योग्य होते हे मान्य करणे अधिक सत्याला धरून आहे, आणि न निवडलेल्याला तसे सांगताही येते. अट एवढीच की हा नियम आवाहनातच जाहीर केलेला असावा. बरोबरी झाल्यावर सुचलेल्या सोडतीवर कोणीही विश्वास ठेवणार नाही.

हितसंबंधांबाबत एक गोष्ट आवर्जून लिहितो. स्वतःच्या विभागाचा प्रस्ताव चर्चेला आला की सदस्याने गुण न देणे पुरेसे नाही, त्याने त्या वेळी खोलीबाहेर जावे. एकाच जागेसाठी पाच प्रस्ताव असतील, तर उरलेल्या चारांविषयी दिलेले प्रतिकूल मतही आपल्याच विभागाच्या फायद्याचे असते, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. म्हणून अशा सदस्याला त्या फेरीतून पूर्णपणे वगळणे आणि बदली सदस्य घेणे हेच बरे.

शेवटी, निवड झालेल्याबरोबर एक पर्यायी प्रस्तावही ठरवून ठेवा आणि दोघांनाही ते कळवा. निवडलेल्या संशोधकाने माघार घेतली आणि ती मुदतीच्या आदल्या आठवड्यात कळवली, तर जागा रिकामीच जाते. माघारीची अंतिम तारीख ठरवून दिली आणि ती न पाळणाऱ्याचा पुढील फेरीसाठी विचार होणार नाही असे लिहून ठेवले, तर पर्यायी संशोधकाला पूर्ण प्रस्ताव लिहिण्याइतका अवधी मिळतो. ज्या स्पर्धेला कोणाचाच पूर्वप्रस्ताव आला नाही तिची जागा प्रथम येईल त्याला द्यावी, आणि अशा रिकाम्या जागांची यादी सर्व विभागांना वेळोवेळी पाठवावी, असे आपल्या समन्वयकांना सुचवून पाहा.