कोरकू आणि गोंडी एकाच कुळातल्या का?

धारणी तालुक्यातल्या एका शिक्षिकेनं विचारलंय : "आमच्याकडे कोरकू आणि गोंडी, दोन्हींना सर्रास 'आदिवासी बोली' म्हणतात. मग त्या एकाच भाषाकुळातल्या का? आणि त्या मराठीच्याच बोली आहेत का?"

ताई, दोन्ही प्रश्नांचं उत्तर 'नाही' असंच आहे. 'आदिवासी' हा शब्द माणसांबद्दल सांगतो, त्यांच्या भाषेचं नातंगोतं सांगत नाही. खेड्यात 'कूळ' म्हटलं की आधी कूळकायदा आठवतो, पण इथलं कूळ म्हणजे घराणं : एका मूळ भाषेच्या लेकी-नाती.

आपली मराठी इंडो-युरोपीय कुळातली. हिंदी, बंगाली, फारसीपासून पार आइसलँडच्या भाषेपर्यंत तिचे भाऊबंद पसरलेत. गोंडी द्राविडी, म्हणजे तेलुगू-तमिळच्या घरची. यवतमाळकडची कोलामीही त्याच घरातली. आणि कोरकू ऑस्ट्रो-आशियाई! झारखंडची संताळी, मेघालयातली खासी, कंबोडियाची ख्मेर आणि व्हिएतनामी या तिच्या गणगोतातल्या. त्या अख्ख्या कुळात सगळ्यांत पश्चिमेला बोलली जाणारी भाषा हीच.

धारणीच्या बाजारात एक म्हातारी मोहफुलांची मापं मोजत होती : मिया, बारी, आफई, उफुन... मी तिथंच थबकलो. चारला कोरकूत 'उफुन', संताळीत 'पोन', आणि व्हिएतनामीत 'बोन'. मेळघाट कुठे, व्हिएतनाम कुठे! गोंडीत मात्र तीन म्हणजे 'मूंड' आणि चार म्हणजे 'नालूंग'. शेजारी तेलुगूचे 'मूडु' नि 'नालुगु' ठेवून बघा. 'कोरकू' हे नावही तपासण्यासारखं आहे. 'कोरो' म्हणजे माणूस, 'कू' हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे 'कोरकू' म्हणजेच 'माणसं'. असाच 'को' संताळीत अनेकवचन करतो.

तुमच्या वर्गातली पोरं कोरकू बोलताना मधूनच हिंदी-मराठी शब्द वापरतात, त्यावरून लोकांना ती बोली वाटत असावी. पण शेजाऱ्याकडून विळा मागून आणला म्हणून शेजारी भाऊबंद होत नाही. शब्द उसने येतात. नातं शोधायचं ते अंक, सर्वनामं, शरीराचे अवयव, प्रत्यय अशा जुन्या ठेव्यात, आणि तेही एकदोन शब्दांवर भागत नाही.

कारण अंकसुद्धा उसने येऊ शकतात. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोदच्या आसपास निहाली नावाची भाषा आहे, बोलणारे जेमतेम दोन-अडीच हजार. तिच्यात कोरकू शब्दांची इतकी भर आहे की जुन्या अभ्यासकांनी तिला कोरकूच्याच घरात बसवलं. चारला ती 'नालो' म्हणते, म्हणजे हा अंक द्राविडी वळणाचा. मग ती द्राविडी म्हणायची का? तेही जमत नाही, कारण उसनं बाजूला काढल्यावर जे उरतं ते कुठल्याच कुळात बसत नाही. एक म्हणजे 'बिडुम', पाणी म्हणजे 'जोप्पो'. जगातल्या ज्या मोजक्या भाषांना कूळच सापडलेलं नाही, त्यांतली एक आपल्या वऱ्हाडात आहे. तिला बोली म्हणताना मला तर फार वाईट वाटतं.

तेव्हा शाळेच्या कागदावर 'आदिवासी बोली' लिहायची वेळ आली तर ते खोडून सरळ 'कोरकू भाषा' लिहा.