नाचाच्या पोशाखावरचे एलईडी गाण्याच्या ठेक्यावर कसे लुकलुकवायचे?

आर्डुइनो नॅनो (कोड घालून चालवायचा छोटा सर्किट बोर्ड), मॅक्स४४६६ माइक मॉड्यूल, डब्ल्यूएस२८१२बी एलईडी पट्टी (जिचा प्रत्येक दिवा एकाच डेटा वायरवरून वेगळा चालवता येतो) आणि ५ व्होल्टची पॉवर बँक एवढ्यात काम होतं. दर २० मिलिसेकंदांत माइकच्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान वाचनातला फरक काढा. तो गेल्या सेकंदाभराच्या सरासरीच्या साधारण दीडपट झाला की दिवे पेटवा. ठरावीक आकड्याशी तुलना केलीत तर स्पीकरजवळ गेल्यावर दिवे विझणारच नाहीत.

खरी गडबड होते ती वीजपुरवठ्यात. एक एलईडी पूर्ण पांढरा पेटला की ६० मिलिअँपिअरपर्यंत घेतो, म्हणजे ३० दिव्यांना १.८ अँपिअर. त्यामुळे पट्टीला वीज थेट पॉवर बँकेतून द्या, नॅनोमधून नको, आणि ग्राउंड (ऋण बाजूची वायर) मात्र सगळ्यांचा एकच ठेवा. पट्टीच्या सुरुवातीला १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि डेटा वायरमध्ये ३३० ओहमचा रेझिस्टर हवाच. दिवे पेटताच ५ व्होल्ट क्षणभर घसरतात, माइकला तोच आवाज वाटतो आणि दिवे आपोआप लुकलुकत राहतात. म्हणून माइक नॅनोच्या ३.३ व्होल्टवर चालवा. एआरईएफ पिनही (माइकचं वाचन कोणत्या व्होल्टेजशी तोलायचं ते ठरवणारी नॅनोची पिन) तिथेच जोडा, पण आधी कोडमध्ये analogReference(EXTERNAL) लिहून ॲनालॉग रेफरन्स एक्स्टर्नल करा, नाहीतर चिप जळू शकते. माइक कॉलरवर उघडा लावा. कापडाखाली घासला की प्रत्येक हालचाल ठेका ठरते.

दिवे फार वेळ विझलेले राहिले तर बऱ्याच पॉवर बँका बंद पडतात, तेव्हा दोन-चार एलईडी मंद जळते ठेवा.

हे एकट्या नर्तकासाठी ठीक आहे. सगळ्या समूहाचे दिवे एकदमच पेटायला हवे असतील, तर एकच माइक ठेवून ईएसपी३२ (वायरलेसची सोय असलेला तसाच छोटा बोर्ड) वरून बाकीच्यांना वायरलेस संकेत पाठवा.