सोलापुरात राहून शिल्पकला शिकतोय. फोटोग्राफीकडे वळलो तर करिअर भरकटेल का?

नाही भरकटणार. कलाकार पुष्पमाला एन. यांचा प्रवास नीट बघा. जन्म १९५६ चा, बंगळूरचा. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्या शिल्पकला शिकल्या आणि सुरुवातीची वर्षं टेराकोटाच्या आकृत्या करत होत्या. नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यांनी स्वतःलाच कॅमेऱ्यासमोर उभं केलं. 'फँटम लेडी' (१९९६-९८) ही छायाचित्रमालिका मुंबईत घडली. पुढे छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासोबत 'नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया' (२०००-०४) ही मालिका आली. त्यात राजा रविवर्म्याच्या चित्रांतल्या बायका आणि इंग्रजांनी शरीराच्या मोजमापासाठी चौकटींच्या पडद्यासमोर उभी केलेली तोडा (निलगिरीतली आदिवासी जमात) स्त्री त्यांनी पुन्हा उभी केली. पडदे, दागिने, प्रकाश, अंगाचा बाक, सगळं रचून. माझ्या मते हे शिल्पकाराचंच काम आहे, फक्त माती म्हणून स्वतःचं शरीर वापरलंय. नंतर तांब्याच्या पत्र्यांवर लिप्या कोरून त्या पुन्हा वस्तूकडेही आल्या.

पैशाचं थोडक्यात: कलादालनात छायाचित्र ठरावीक प्रतींत, क्रमांक आणि सही करून विकतात. ब्राँझच्या ओतकामाचंही असंच असतं, त्यामुळे तुम्हाला हा हिशोब नवा नाही.

सोलापुरात विषयांची वाण नाही. जुन्या गिरण्या, यंत्रमागाचे कारखाने, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा आणि तिथले रंगवलेले पडदे आहेत. यंत्रमागाचा एखादा मोडका भाग घ्या, त्याचं शिल्प करा, मग तेच शिल्प कारखान्यात कामगाराच्या हातात देऊन फोटो काढा. कामगाराची परवानगी आधी घ्या, आणि एक प्रिंट त्याला नक्की द्या.