आरव्हीतून, म्हणजे राहायची सोय असलेल्या गाडीतून, फिरताना इंटरनेट सारखं तुटतं, मोबाइल सिग्नलचा बूस्टर घ्यावा का?

लगेच नको. बूस्टर आहे तोच सिग्नल मोठा करतो, नसलेला आणून देत नाही. शिवाय टॉवरवर गर्दी असेल तर फोनवर सगळ्या कांड्या दिसूनही पान उघडत नाही, आणि तिथे बूस्टर काहीच करू शकत नाही.

बऱ्याचदा खरा अडथळा गाडीच असते. पत्र्याची बॉडी सिग्नल अडवते, आत ठेवलेला हॉटस्पॉट बिचारा काय पकडणार! म्हणून आधी टपावर बाहेरचा अँटेना बसवा आणि तो सिमवाल्या राउटरला जोडा. अँटेना मिमो प्रकारचा, म्हणजे एकाच डब्यात अनेक अँटेना एकदम काम करतात असा घ्या: निदान २x२ (दोन अँटेनांचा), राउटरला अँटेनाचे चार पोर्ट असतील तर ४x४. एका अँटेनाच्या बूस्टरपेक्षा वेग बहुधा यातच जास्त मिळतो. केबल मात्र आखूड ठेवा. लांब केबलमध्ये सिग्नल वाटेतच जिरतो आणि अँटेनाचा खर्च वाया जातो.

दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं, आणि तिचे टॉवरही वेगळे आहेत ना ते बघून. एकाच नेटवर्कवर चालणाऱ्या दोन कंपन्यांची सिमं घेऊन काय फायदा?

अगदी आडरानात राहणार असाल तर स्टारलिंक, म्हणजे उपग्रहावरून येणारं इंटरनेट. त्याचे उपग्रह साधारण ५५० किमीवर, म्हणजे तसे जवळच असल्यामुळे सिग्नलला उशीर कमी होतो आणि व्हिडिओ कॉलही नीट होतात. पण डिशला मोकळं आभाळ लागतं, झाडाच्या सावलीत गाडी लावलीत की कॉल तुटलाच. वीजही बरीच खाते, त्यामुळे बॅटरीचा हिशोब आधी करा.

कॅम्पग्राउंडचं वायफाय? संध्याकाळी सगळे व्हिडिओ बघत असतात, तेव्हा त्यावर ऑफिसचं काम टाकू नका.