रसायनशास्त्रात पीएच.डी. मिळवण्यासाठी काय काय लागते? शोधनिबंध छापून येणे अजूनही सक्तीचे आहे का?

आपण विचारले आहे की, सेंद्रिय रसायनशास्त्रात ५७ टक्क्यांनी एम.एस्सी. झाल्यावर पीएच.डी.साठी काय काय पूर्ण करावे लागते, आणि प्रबंध देण्यापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध झालेला असणे आजही सक्तीचे आहे का. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्या एका अटीपायी माझी जवळजवळ दोन वर्षे गेली. विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित केलेल्या नियमांत ही सक्ती नाही. २००९ च्या नियमांत एक शोधनिबंध, आणि २०१६ च्या नियमांत एक शोधनिबंध व परिषदांतील दोन सादरीकरणे, अशी अट होती. ती काढली हे योग्यच झाले. त्यामुळे पदवीचा दर्जा घसरेल असे माझे काही सहकारी अजूनही म्हणतात. त्यांचे म्हणणे मला मुळीच मान्य नाही, आणि त्याचे कारण खाली सांगते.

बाकीच्या अटी थोडक्यात अशा आहेत. आपले ५५ टक्के पूर्ण आहेत, तेव्हा नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) किंवा विद्यापीठाची पेट (पीएच.डी. प्रवेश) परीक्षा आणि मुलाखत यांतून प्रवेश मिळेल. किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) कोर्सवर्क असते, त्यात संशोधन व प्रकाशन नीतिमत्तेचा विषय असतो आणि ५५ टक्के मिळवावेच लागतात. दर सहामाहीला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडायची. एकूण मुदत कमीत कमी ३ वर्षे, जास्तीत जास्त ६ वर्षे, आणि पुनर्नोंदणी केल्यास आणखी २. शेवटी प्री-सबमिशन सादरीकरण, वाङ्मयचौर्याची तपासणी, किमान दोन बाह्य परीक्षकांचे अहवाल आणि खुली मौखिक परीक्षा. यातले काहीही असाध्य नाही. कागदपत्रे वेळेवर दिली की या पायऱ्या पार पडतात.

मी २०१० मध्ये नोंदणी केली, म्हणजे मला २००९ चे नियम लागू होते. माझा विषय होता फेरिक क्लोराइड या लोहाच्या क्षाराच्या साहाय्याने कार्बन आणि नायट्रोजन यांच्यात बंध जोडणे. लोह स्वस्त, अशा कामाला एरवी लागणारा पॅलेडियम धातू महाग, त्यामुळे त्या काळी या विषयाचा मोठा बोलबाला होता. आयोडोबेंझीनची साधिते, पायराझोल, दहा टक्के फेरिक क्लोराइड, एक डायअमाइन लिगँड (धातूला जोडून घेऊन त्याच्या कामाला मदत करणारा रेणू), टोल्युइन, आणि बंद नळीत १३५ अंशांवर चोवीस तास. पहिल्या दोन वर्षांत मी अशी एकोणीस संयुगे बनवली, बहुतेकांचे उत्पन्न (यील्ड, म्हणजे अपेक्षित पदार्थापैकी प्रत्यक्ष हाती आलेला भाग) सत्तर ते पंच्याऐंशी टक्के होते. एनएमआर, एचआरएमएस, द्रवणांक, संयुगाची ओळख पटवणाऱ्या या साऱ्या चाचण्या व्यवस्थित होत्या. शोधनिबंधाचा मसुदा तयार झाला आणि सरांनी, म्हणजे माझ्या गाईडनी, तो वाचून दुरुस्त्याही केल्या.

मग २०१३ च्या पावसाळ्यात फेरिक क्लोराइडची बाटली संपली. नवी मागवली, ती अधिक शुद्ध प्रतीची आली. त्या बाटलीने केलेल्या पहिल्या प्रयोगात टीएलसीवर (मिश्रणात काय काय आहे ते दाखवणाऱ्या पट्टीवर) जवळजवळ सगळे आयोडाइड, म्हणजे सुरुवातीचा पदार्थ, तसेच दिसले. उत्पन्न ११ टक्के. मला वाटले, आर्द्रता शिरली. टोल्युइन पुन्हा सोडियमवर ऊर्ध्वपातित केले, पोटॅशियम फॉस्फेट भट्टीत तापवले, नळ्या बदलल्या, आर्गॉनचा सिलिंडर बदलला. चौदा वेळा प्रयोग केला आणि चौदाही वेळा उत्पन्न वीस टक्क्यांच्या वर गेले नाही. जुन्या बाटलीच्या तळाशी चिकटलेले शे-दोनशे मिलिग्रॅम खरवडून वापरले, तेव्हा ७९ टक्के आले.

त्यानंतर मी ग्रंथालयात बसून जे आधीच वाचायला हवे होते ते वाचले. कार्स्टेन बोल्म आणि स्टीफन बुखवाल्ड या रसायनशास्त्रज्ञांनी २००९ मध्येच ‘आंगेवांटे केमी’ या नियतकालिकात दाखवून दिले होते की, फेरिक क्लोराइडच्या नावावर जमा झालेल्या अशा काही अभिक्रियांत खरे काम त्यातल्या तांब्याच्या अशुद्धीचे असू शकते, आणि योग्य लिगँड सोबत असेल तर दशलक्षात काही भाग एवढे तांबेही पुरते. हा शोधनिबंध चार वर्षे आमच्यापुढे होता आणि आमच्या लॅबमधल्या कोणीही तो वाचलेला नव्हता. मी नव्या बाटलीच्या प्रयोगात तांब्याच्या क्षाराचा अत्यल्प अंश मुद्दाम घातला. उत्पन्न पुन्हा ऐंशीच्या घरात गेले. दुसऱ्या संस्थेत नमुने पाठवून धातूंचे मापन करून घेतले. जुन्या बाटलीत तांबे सापडले, नवीत ते मोजता येण्याइतकेही नव्हते.

सरांचे म्हणणे मी प्रामाणिकपणे मांडते, कारण ते खोटे बोला असे कधीच म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “जुन्या बाटलीचे आकडे तू स्वतः मिळवलेले आहेस, संयुगे खरी आहेत, मग छापायला हरकत काय? तुझी फेलोशिप संपत आली आहे आणि पेपर नसेल तर प्रबंध स्वीकारलाच जाणार नाही.” नियमाच्या दृष्टीने ते बरोबर होते. मी म्हणाले, संयुगे खरी आहेत, पण शीर्षकातले लोह खरे नाही. आम्ही त्या दिवशी दोन तास बोललो आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर कामापुरतेच बोललो. मसुदा मी मागे घेतला. २०१५ मध्ये फेलोशिपची पाच वर्षे संपली, तेव्हा एका कनिष्ठ महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवून मी संध्याकाळी लॅबमध्ये जात असे. अखेर तांबे उघडपणे वापरून, तेच काम नव्या शीर्षकाने, एका छोट्या नियतकालिकात २०१६ च्या अखेरीस प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर प्रबंध घेतला गेला.

म्हणून मी म्हणते की ती अट वाईट होती. ज्या मुलीची फेलोशिप संपत आली आहे आणि जिच्या टेबलावर तयार मसुदा आहे, तिला शंका घेण्याची शिक्षा त्या अटीने दिली असती, आणि दिलीही. पदवीचा दर्जा तपासायचा असेल तर परीक्षकांनी प्रबंधाचा प्रायोगिक विभाग वाचावा. मौखिकीत माझ्या बाह्य परीक्षकांनी तेच केले. त्यांनी दोन्ही बाटल्यांचे लॉट क्रमांक (कंपनीने उत्पादनाच्या त्या खेपेला दिलेले क्रमांक) विचारले. नव्या बाटलीचा मी सांगितला. जुन्या बाटलीचा मी कधी नोंदवलाच नव्हता आणि तिचे लेबल आम्लाने गळून गेलेले होते. प्रबंधाच्या त्या प्रकरणात ती उणीव आजही तशीच आहे. आपण पहिल्या दिवसापासून प्रयोगवहीत प्रत्येक अभिकर्मकाची कंपनी, प्रत आणि लॉट क्रमांक लिहा, मिश्रण ढवळायच्या चुंबकी काड्या, त्यांवर आधीच्या धातूचा अंश राहू नये म्हणून, अम्लराजात (तीव्र आम्लांच्या मिश्रणात) धुवा, आणि महत्त्वाचा प्रयोग वर्षातून एकदा दुसऱ्या विद्यार्थ्याच्या हातून करून घ्या.

एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी होती. आयोगाचे नियम किमान अटी ठरवतात. अनेक विद्यापीठे आणि संस्था शोधनिबंधाची अट स्वतःच्या नियमांत आजही ठेवतात, आणि काही गाईड नियम नसतानाही ठेवतात. तेव्हा ज्या संस्थेत जाणार तिची चालू वर्षाची नियमावली स्वतः वाचा. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन फेलोशिप) मिळाली तर जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० रुपये आहेत, तिसऱ्या वर्षापासून ४२,०००. पण ती पाचच वर्षे असते, आणि प्रबंधाला सहा लागू शकतात. स्त्रियांना मुदतीत २ वर्षांची जास्तीची सवलत आणि २४० दिवसांपर्यंत प्रसूती रजा आहे.

गाईड ठरवण्यापूर्वी त्यांच्या किती विद्यार्थ्यांचे किती पेपर आले हे सगळेच विचारतात. आपण त्यांच्या शेवटच्या दोन-तीन विद्यार्थ्यांना एकटे गाठून असे विचारा की, एखादा प्रयोग पुन्हा जमेना तेव्हा सर किंवा मॅडम काय म्हणाल्या.