घोड्यावरच्या पोलिसांचा आजच्या काळात काही उपयोग आहे का, की नुसती शोभा?

शोभा म्हणणाऱ्याने एकदा रेटारेटीत अडकून पाहावं, मग बोलू.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, लाखनीकडे. बाबा नवरदेवासाठी घोडी द्यायचे. जूनमधल्या एका वरातीत डीजेवाल्याने ऐन तिच्या कानाशी आवाज चढवला, वर फटाक्यांची लड लागली आणि घोडी उधळली. नवरदेव पडला नाही, तरी माझ्या चुलतभावाने भर मांडवात सुनावलं, "काका, विकून टाका. जनावराचा का भरोसा!"

बाबा गप्प बसले. दुसऱ्या दिवसापासून चंदीच्या, म्हणजे घोडीला दाणा द्यायच्या वेळी मला शेताच्या धुऱ्यावर पत्र्याचा डबा वाजवायला उभं केलं. आधी लांबून, मग हळूहळू जवळ. पुढे ताशा, शेवटी फटाके. दचकली की थांबायचं, निवली की मूठभर चणे. चार महिने हेच. पोलिसांचे घोडेही असेच घडवतात. आवाज, झेंडे, धूर, गर्दी, सगळं थोडं थोडं अंगवळणी पाडून.

दिवाळीनंतर मंडई, म्हणजे आमच्याकडची गावजत्रा भरली. दंडार, म्हणजे तिथलं लोकनाट्य रंगात असताना लाईट गेली आणि मागचे पुढे रेटायला लागले. समोर बायका-पोरं बसलेली, माझी धाकटी बहीणही त्यांच्यात. ओरडणाऱ्याचं कोण ऐकतो! बाबा घोडीवर आले, हातात बॅटरी. वरून त्यांना दिसत होतं कुठे दाटलंय. घोडी आडवी धरून, एकेक पाऊल बाजूला टाकत त्यांनी तिला लोंढ्यापुढून नेलं. माणूस माणसाला रेटतो, घोड्याच्या अंगावर जात नाही. लोक मागे हटले. काठी उगारावी लागली नाही.

पोलिसांच्या घोड्याचं काम हेच. कोलकात्यात मैदानातल्या फुटबॉल सामन्यांच्या गर्दीला घोडेस्वार पोलीस लागतात. मुंबईने मोटारी वाढल्या म्हणून १९३२ साली हे पथक बंद केलं, आणि २०२० मध्ये पुन्हा सुरू केलं. २६ जानेवारीला शिवाजी पार्कच्या संचलनात ते दिसलं. एवढ्या वर्षांनी पुन्हा घोडे घेतले ते उगाच नाही.

हां, चोराच्या मागे लागायला मोटारसायकलच बरी. डांबरावर घोड्याचे पाय दुखावतात, महिना-दीड महिन्याने नाल बदलावी लागते. पोट दुखलं तर घोड्याला ओकताही येत नाही, वेळेवर डॉक्टर नसला तर जनावर जातं. आणि आमच्याकडच्या मे महिन्यात भर दुपारी त्याला गस्तीला काढणं पाप आहे. घोडा सांभाळणारा मोतद्दार, पाणी, सावली यांची सोय नसेल तर पथक काढूच नये. पण दोष तेव्हा सोय न करणाऱ्याचा, घोड्याचा नाही.

चुलतभाऊ अजून लग्नाकार्यात त्या वरातीची गोष्ट सांगतो. मंडईची कधीच सांगत नाही. भाऊ, वाचत असशील तर आठव, त्या रात्री पुढच्या रांगेत तुझाही पोरगा बसला होता.