बंद शाळेची इमारत: ठरावाआधी काय तपासावं?

प्रश्न : आमच्या नगरपरिषदेची शाळा पटसंख्येअभावी बंद झाली. इमारत दगडी, एक माडी असलेली, मंगलोरी कौलांची, साधारण नव्वद वर्षांची. पाडून व्यापारी संकुल बांधायचं, एखाद्या संस्थेला भाड्यानं द्यायची, की वाचनालय आणि अभ्यासिका करायची, हा विषय पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभेत येतोय. नागरिकांनी काय बघावं?

उत्तर : सभेआधी दोन कागद हातात हवेत : जागेची मिळकत पत्रिका, म्हणजे मालकीची नोंद असलेलं प्रॉपर्टी कार्ड, आणि मंजूर विकास योजनेचा भाग नकाशा, म्हणजे कुठली जागा कशासाठी ठेवलीय ते दाखवणाऱ्या नकाशाचा तुमच्या भागाचा तुकडा.

पत्रिकेवर धारक म्हणून नगरपरिषदच आहे का, ते आधी बघा. कित्येक जुन्या शाळांची जागा सरकारनं शाळेसाठी म्हणूनच दिलेली असते, नाहीतर गावातल्या कुणी बक्षीसपत्रानं. अटीची नोंद शेऱ्यात सापडली नाही, तर फेरफार क्रमांकावरून मूळ आदेश काढून वाचा. शाळा बंद पडली म्हणून अट आपोआप सुटत नाही. सरकारी जागेचा वापर परस्पर बदलला, तर शर्तभंगाची कारवाई होऊ शकते.

भाग नकाशावर ती जागा शाळेसाठी दाखवलेली असेल, तर नुसत्या बहुमतानं तिथं संकुल उभं राहत नाही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ प्रमाणे विकास योजनेत फेरबदल करावा लागतो : राजपत्रात नोटीस, हरकती-सूचनांसाठी एक महिना, सुनावणी आणि शेवटी शासनाची मंजुरी. त्या महिन्यात हरकत लेखी द्या आणि आवक क्रमांकासह पोच घ्या.

भाड्याचं गणित वेगळं. नगरपरिषद अधिनियम, १९६५ च्या कलम ९२ नुसार स्थावर मालमत्ता हस्तांतरित करायची तर एकूण सदस्यांच्या दोन-तृतीयांश बहुमताचा ठराव आणि शासनाची मंजुरी लागते. तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा नगरपरिषद स्वतः करू शकते, पण भाडेकरूला पक्कं बांधकाम करता येत नाही. वरिष्ठांच्या परवानगीनं मुदत वाढली, तरी एकूण नऊ वर्षांच्या वर जात नाही. त्यामुळे ‘संस्था स्वखर्चानं इमारत दुरुस्त करून वापरेल’ असा प्रस्ताव आला, तर पहिला प्रश्न मुदतीचा विचारा. तीन वर्षांसाठी छतावर मोठा खर्च कोण करेल?

प्रश्न : ‘इमारत धोकादायक आहे, पाडावीच लागेल’ असं सांगितलं जातंय. हे कसं पडताळायचं?

उत्तर : संरचनात्मक तपासणीचा, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा पूर्ण अहवाल मागा, शेवटच्या पानावरचा शेरा पुरेसा नाही. काँक्रीटचा कठीणपणा ठोका देऊन मोजणाऱ्या रिबाउंड हॅमरचे आकडे दगडी भिंतीबद्दल फारसं काही सांगत नाहीत. इथं भिंत ओळंब्यात, म्हणजे सरळ उभी, आहे का, पोट आलंय का, तडा रुंदावतोय का, हे महत्त्वाचं. तड्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहितात. पट्टी फुटली तर हालचाल चालू आहे. त्यासाठी निदान एक पावसाळा जावा लागतो. एका भेटीत लिहिलेल्या अहवालावर इमारत पाडू देऊ नका.

खरं दुखणं बहुधा छताच्या टोकाशी असतं. पन्हळ तुंबली, कौलं सरकली, की पाणी कैचीच्या, म्हणजे छत पेलणाऱ्या लाकडी त्रिकोणी सांगाड्याच्या, भिंतीत बसलेल्या टोकाशी मुरतं. मधलं सागवान ठणठणीत आणि टोक भुसभुशीत, असं सर्रास दिसतं. तिथं पेचकस खुपसून बघायला सांगा. सहज आत गेला तर लाकूड कुजलंय. तेवढा तुकडा बदलता येतो, अख्खं छत उतरवायची गरज नसते. दुसरी चूक चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा. भिंतीतली ओल बाहेर पडत नाही, गिलावा फुगून सुटतो आणि दोष मात्र जुन्या भिंतीला लावला जातो. तिथं चुन्याचाच गिलावा हवा.

वाचनालय करायचं असेल, तर पुस्तकांची कपाटं तळमजल्यावर ठेवा. भारतीय मानक ८७५, भाग २ मध्ये वर्गखोलीसाठी दर चौरस मीटरला सुमारे ३०० किलो भार धरतात, ग्रंथसाठ्याच्या खोलीसाठी किमान ६०० किलो. माडीवर फक्त टेबल-खुर्च्यांची अभ्यासिका करावी, तीही तुळया तपासून. जोतं ४५० मिलिमीटर उंच असेल, तर १:१२ उतारानं रॅम्प ५.४ मीटर लांब होतो, सपाट टप्पे वेगळे. तेवढी जागा व्हरांड्यासमोर आहे का, हे आराखड्याआधीच मोजा. नाहीतर रॅम्प आखडतो, आणि चाकाच्या खुर्चीतल्या माणसाला तो चढता येत नाही.

पाडकाम आणि दुरुस्ती या दोन्हींची अंदाजपत्रकं बाबवार, मोजमापासह मागा. दुरुस्तीच्या पत्रकात ‘एकरकमी’ लिहिलेल्या बाबी असतील, तर तुलनाच होत नाही. अहवाल मिळत नसेल, तर माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज करा. उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे आणि तुमची सभा पुढच्याच महिन्यात, त्यामुळे अर्ज आजच द्या.